सेशनमध्ये मंच नसतो

पबमधलं संगीत म्हणजे गप्पांमागचा आवाज, असं बरेच जण म्हणतात. डब्लिनपुरतं तरी मला ते अजिबात पटत नाही. तिथल्या स्मिथफील्ड भागातल्या कॉबलस्टोन या पबमध्ये, सेशनला म्हणजे वादकांच्या बैठकीला, एक संध्याकाळ जरूर बसा. मंच नाही, वादक कोपऱ्यातल्या टेबलाभोवती बसतात आणि एकमेकांकडे बघून वाजवतात. फिडल (म्हणजे व्हायोलिन), बासरी, बौरान हा डफासारखा आयरिश ढोल आणि नशीब असेल तर इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप. त्यात हवा तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखालच्या भात्याने भरतात. 'इलन' म्हणजे कोपराचेच. त्याचा सूर मला सनईपेक्षा मऊ वाटतो.

समोर नोटेशन नसतं. एक धून दोन-तीनदा वाजते आणि न थांबता पुढची सुरू होते. तो बदलाचा क्षण ऐकण्यासाठी मी आख्खी संध्याकाळ बसेन! जिग ही आयरिश नाचाची धून सहा मात्रांची, त्यामुळे दादऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानांना ती लगेच जवळची वाटते.

२०२१ मध्ये तिथे हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला, तेव्हा लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले. महापालिकेने परवानगी नाकारली. कुणी ऐकतच नसतं, तर एवढी माणसं आली असती का?