देवचाफ्याची रोपं मातीलगत कोलमडतायत, उरलेली कुंडीत हलवू का? (सोलापूर)

नमस्कार मंडळी. बागकामात मी अगदीच नवखी, तेव्हा चुकलं असेल तर सरळ सांगा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका घराच्या अंगणात जुना देवचाफा आहे. पांढरा, आत पिवळा. (सोनचाफा नव्हे, काडी मोडली की चीक येतो तो, खुरचाफा.) गेल्या वर्षी त्याला शेंगा धरल्या. एका देठावर दोन, बैलाच्या शिंगांसारख्या. पिकायला आठ-नऊ महिने घेतले, मार्चअखेर वाळून उकलल्या. आत दाटीवाटीनं बसलेल्या बिया, प्रत्येकीला कागदासारखा पंख. सासूबाई म्हणाल्या, "चाफा काडीनं लागतो गं, बी कोण लावतंय?" झालं, मग तर लावायचंच ठरवलं.

चहाच्या कागदी कपांना खाली भोकं पाडून १६ बिया टोचल्या, जाड टोक मातीत आणि पंख वर. दहा-बारा दिवसांत १३ उगवल्या. काहींच्या डोक्यावर बीचं साल टोपीसारखं अडकून बसलं होतं. एकीची टोपी नखानं ओढली तर पानच हातात आलं!

खरी अडचण मे महिन्यातली. इथलं ऊन तुम्हाला माहीतच आहे. रोपं करपतील या भीतीनं दोन वेळा पाणी घालत होते. त्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, म्हणून पाण्याच्या दिवशी जरा सढळ हातानं. पाच रोपं गेली. मातीलगत खोड दोऱ्याइतकं बारीक, तपकिरी, बोटाला मऊ लागतं. वरची पानं मात्र हिरवीगार, आणि रोप आडवं. माती माहेरच्या शेतातली काळी, त्यात निम्मं शेणखत.

आठ उरलीत, वीतभर उंच, चार ते सहा पानांची. १२ इंची कुंड्या आणून ठेवल्यात. पाऊस आता सुरू होतोय, तर हलवू का? की अजून थांबू? आणि फूल कधी येईल?

प्रतिसाद – गच्चीवरचा माळी

ताई, उन्हानं गेली नाहीत, पाण्यानं गेली. तुम्ही लिहिलंय ती लक्षणं रोपमरची आहेत. ओल्या मातीत बुरशी वाढते आणि खोड मातीलगत कुजतं. आडवी झालेली वाचत नाहीत, ती कपासकट टाका. ती माती दुसऱ्या रोपाला वापरू नका.

आपली काळी माती कपाशी-ज्वारीला सोनं, पण चाफ्याच्या रोपाला नको. पाणी धरून बसते, वाळली की भेगाळते. चाफा मूळचा मेक्सिको, कॅरिबियनकडचा, कोरडं सोसणारा. जाडी वाळू आणि विटांचे बारीक तुकडे मिळून निम्मे, उरलेल्या निम्म्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चांगलं कुजलेलं शेणखत. कच्चं शेणखत असेल तर राहू द्या, त्याची उष्णता आणि ओल दोन्ही नडतात. शेतीच्या दुकानात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर मिळते, ती मिसळली तर बरं.

१२ इंची कुंडी आत्ता नको. इवल्या मुळांभोवती एवढी माती दिवसेंदिवस ओली राहील, पुन्हा तेच. चार-पाच इंची पिशवी किंवा कुंडी पुरे. चार-सहा पानं आलीत म्हणजे हलवायला हरकत नाही. संध्याकाळी हलवा, कप कात्रीनं कापा, मातीचा गड्डा फोडू नका. खोड पहिल्याइतकंच मातीत राहू द्या, खोल पुरू नका. एकदा पाणी द्या, मग आठवडाभर हिरव्या जाळीखाली सकाळचं ऊन. नंतर कुंडी उचलून बघा, हलकी लागली तरच पाणी. नळाचा दिवस आहे म्हणून नव्हे. जोरदार पावसात आडोशाला घ्या.

प्रतिसाद – काडीवाली

फुलाचं सांगते. बियांच्या रोपाला साधारण तीन वर्षं, कधी जास्तही. आणि फूल आईसारखंच येईल असं नाही, रंग-वास बदलू शकतो. मला त्यातच मजा वाटते. पण नेमका गल्लीतला तोच चाफा हवा असेल तर सासूबाईंचं बरोबर आहे. उन्हाळ्यात हातभर लांब, जाड काडी घ्यायची, चीक थांबून टोक सुकेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत ठेवायची, मगच लावायची. चीक डोळ्याला लागू देऊ नका.

थंडीत पानं गळाली तर घाबरून पाणी वाढवू नका, झाड झोपलेलं असतं. पानाखाली नारिंगी पूड दिसली तर तांबेरा, ती पानं काढून टाका.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. काल सहा रोपं लहान पिशव्यांत हलवली, दोन कपातच ठेवली, तुलनेला. कप कापताना एकाचं मूळ बुडाशी गोल गुंडाळलेलं दिसलं, ते तसंच लावलंय. चालेल ना? मोठ्या कुंड्यांत सासूबाईंनी पुदिना आणि कोथिंबीर टाकली. काडीचं त्यांना सांगितलेलं नाही अजून.

गच्चीवरचा माळी

चालेल. पुढच्या कुंडीत जाताना हलक्या हातानं मोकळं करा.