तिखाडी वासावरून निवडता येते का? (गांजावाले करतात तसं)

मेळघाटकर: भाऊ लोक, आमच्याकडं धारणीच्या बाजूनं तिखाडी (वासाचं तेल निघते ते रोशा गवत) लय हाय, टेकडीवर पण अन् नाल्याकाठी पण. सगळी एकत्र कापून भट्टीवर नेली तं व्यापारी म्हणते तेलाले गुलाबाचा वास नाही, भाव पाडून मागते. तिकडं अमेरिकेत गांजाच्या जाती आता वासाच्या रसायनावरून लावतात म्हणे, तसं तिखाडीत जमते का? (गांजा लावायचा नाही बाप्पा!)

बांधावरचा: एकत्र कापली काहून? तिखाडीत मोतिया अन् सोफिया असे दोन प्रकार, दिसायला जवळपास सारखेच. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल हे वासाचं द्रव्य ७५ ते ९० टक्के, गुलाबाचा वास त्याचाच. सोफियात ते कमी अन् लिमोनिन वगैरे जास्त, म्हणून आल्यासारखा झणका येते. मोतिया कोरड्या उतारावर सुट्या ठोंबांनी, सोफिया ओलीच्या सखल जागी दाट. तुमची नाल्याकाठची सोफियाच असंल. फुलोरा तळहातावर चोळून हुंगा, लगेच समजते.

अमरावती_ॲग्री: गांजाचं खरंय. २०२१ च्या एका अभ्यासात गांजावर लावतात ते इंडिका-सॅटिवा लेबल अन् झाडाचा वंश यांचा फारसा मेळच लागला नाही, पण मायर्सिनसारख्या काही टर्पीनशी (वासाच्या रसायनांशी) लेबल जुळलं, म्हणजे लोकं वासावरूनच नावं देत होते. तिकडं चांगलं मादी झाड ठेवून त्याच्या फांद्या लावतात, बियाण्याच्या भरवशावर राहत नाहीत. आपल्याकडं अमली पदार्थांच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानं परवान्याशिवाय गांजा लावताच येत नाही, पण युक्ती घ्या ना! मोतियाचं चांगलं ठोंब फोडून लावा. तिखाडीत परपरागीभवन होते (एका ठोंबाचा पराग दुसऱ्यावर जाते), सोफिया शेजारी असली की बियाणं भेसळ व्हायची भीती.

बांधावरचा: एकरभर ठोंबं फोडायले मजूर कुठून आणता? त्यापेक्षा लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संस्थेच्या पीआरसी-१, तृष्णा अशा जाती हायेत, बी घेऊन रोपं करा. अन् नाकावर लय विसंबू नका, दहा ठोंबं हुंगली की अकरावं पण गोडच लागते. निवडलेल्याचं तेल प्रयोगशाळेत जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफी, तेलात काय किती ते दाखवते) तपासून घ्या. कापणी फुलोऱ्यातच, तेल तिथंच जास्त, दांड्यात नावापुरतंच.

मेळघाटकर: मंग यंदा टेकडीवरची वेगळीच कापतो. पण भट्टी भाड्याची हाय, आधीच्याचा गवती चहाचा घाणा झाला असला तं?

बांधावरचा: नुसती वाफ सोडून टाकी अन् नळी धुवून काढा लागते, नाही तं गवती चहातल्या सिट्रालचा वास बसते तेलात. पहिला घाणा वेगळ्या डब्यात धरा.