मदत हवी आहे: 4 ओमच्या हट्टी स्पीकरला कोणता अ‍ॅम्प चालेल?

नमस्कार मंडळी. ओळखीच्या एका काकांकडून जुने उभे स्पीकर घेतले. मागे लिहिलंय 4 ओम (इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध), 86 डीबी (सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॅटला किती आवाज). माझा अ‍ॅम्प 8 ओमला 50 वॅटचा. हळू आवाजात गाणं सुरेख लागतं, पण पखवाजाची जोरकस थाप आली की प्रोटेक्शनचा रिले (धोका दिसला की स्पीकर तोडणारा स्विच) खट्‌कन पडतो आणि सगळं गप्प. ऐन समेवर वीज गेल्यासारखं!

मित्राने मोजलं, तर 90 हर्ट्झच्या आसपास इम्पीडन्स 2 ओमपर्यंत उतरतोय. हिशेब केला: 8 ओमवर 50 वॅट म्हणजे 20 व्होल्ट, 2.5 अँपिअर. तेच 20 व्होल्ट 2 ओमवर 10 अँपिअर मागतात. म्हणजे खरी चणचण करंटची दिसते.

आता 4 ओमला जवळजवळ दुप्पट वॅट देणारा सेकंडहँड क्लास एबी (पारंपरिक, जास्त तापणारा) घ्यावा की क्लास डी (स्विचिंगवर चालणारा, कमी तापणारा)? आणि 2 ओम झेपतो की नाही, हे विकणाऱ्याच्या शब्दापलीकडे कसं तपासायचं? सिरीजमध्ये रेझिस्टर लावा असं एकाने सुचवलं, पण मग डॅम्पिंग (स्पीकरच्या पडद्यावरची पकड) जाऊन बास सैल होणार, ते नको. खोली 12 बाय 14 फूट, बजेट 40 हजार. पुण्यात कुठे ऐकून बघता आला तर फारच बरं.