मुंबईहून क्रूझ करायचीय, पण बोटीवरचं प्लास्टिक जातं कुठं?

होटगीरोडकर:
दिवाळीच्या सुट्टीत आई-बाबा आणि पोरींना घेऊन मुंबई-लक्षद्वीप क्रूझ करायचं चाललंय. धाकटीने कासवाच्या पोटात पिशव्या सापडल्याचा व्हिडिओ बघितलाय आणि तेव्हापासनं विचारालीय, एवढ्या लोकांचा कचरा बोटवाले पाण्यातच टाकतात का म्हणून. मला काय सांगता येईना. एजंटला विचारलं तर तो नुसता बुफे आणि स्विमिंग पूलचंच सांगालाय. बुकिंगच्या आधी नेमकं काय विचारू?

डेकवाला:
दादा, मी मर्चंट नेव्हीत होतो. मारपोल म्हणून आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याचं परिशिष्ट ५ डिसेंबर १९८८ पासून लागू आहे. प्लास्टिक समुद्रात कुठंच टाकायचं नाही, किनारा कितीही लांब असू दे. उरलेलं अन्न मात्र १२ सागरी मैलांच्या बाहेर सोडता येतं, आणि २५ मिमीच्या जाळीतून जाईल इतकं बारीक केलं तर ३ मैलांच्या बाहेर. गोची इथंच होती. ताटातल्या भातासोबत सॉसची पुडी, दह्याच्या कपाचं झाकण, स्ट्रॉ गेला की तेपण दळून समुद्रात. कार्निव्हल या क्रूझ कंपनीने २०१९ मध्ये अमेरिकेच्या कोर्टात कबूल केलं की बहामाजजवळ अन्नात मिसळलेलं प्लास्टिक सोडलं, २ कोटी डॉलर दंड बसला. म्हणून पोरीला सांगा, ताट ठेवताना पुडी, झाकण बाजूला काढून डब्यात टाकायचं, ही मदत लई मोठी आहे. आणि डेकवर वारं एवढं असतं की चिप्सचं पाकीट हातातनं कधी उडालं कळत नाही, तिथं खायला नेऊच नका.
कंपनीला विचारा: कचरा कोणत्या बंदरात उतरवता? पाणी बाटल्यांतून देता की भरून घ्यायची सोय आहे? अशा मोठ्या जहाजांवर गार्बेज रेकॉर्ड बुक म्हणजे कचऱ्याची नोंदवही असते, काय जाळलं, काय उतरवलं, तारखेसकट लिहावं लागतं, त्यामुळे पहिल्या प्रश्नाला माहीत नाही म्हणाले तर समजून जा.

भीमाकाठ:
ताई-दादांनो, क्रूझवाल्यांना जरूर विचारा, पण समुद्रातलं बहुतेक प्लास्टिक जमिनीवरनंच जातं. आषाढीनंतर पंढरपूरच्या वाळवंटात जाऊन बघा, पाण्याचे पाऊच, थर्माकोलच्या वाट्या, कॅरीबॅगा, सगळं चिखलात रुतलेलं. पाणी सुटलं की ते भीमेतनं कर्नाटकात, रायचूरकडं कृष्णेत आणि तिथनं आंध्रात बंगालच्या उपसागराकडं. वाटेत धरणांत काही अडकतं, पण कुजत नाही, तुकडे होत राहतात. राज्यात २०१८ पासून बंदी आहे तरी मंडईत पिशवी मागितली की मिळतीयच ना. मला याचा मनापासून त्रास होतो.

होटगीरोडकर:
दोघांचेही लई आभार. कंपनीला दोन्ही प्रश्न मेल केलेत, उत्तर आलं की इथं टाकतो. घरातल्या स्टीलच्या बाटल्या बोटीवर नेऊ देतात का?

डेकवाला:
रिकाम्या न्या आणि त्याच मेलमध्ये विचारून घ्या. बेटावर उतरलात तर तिथला कचरा तिथं ठेवू नका, एवढीशी बेटं, टाकणार कुठं ते लोक. पिशवीत भरून परत बोटीवर आणा.