यूएसबी पंप कॉम्प्युटरवरून बंदच होत नाही, शनिवारच्या आत मदत हवी आहे

कुंडीतला_मोगरा: शनिवारी पहाटे गावी निघतोय, दहा दिवस घर बंद. बाल्कनीत तुळस, मोगरा, मिरची. या उन्हात एक दिवस पाणी चुकलं की मोगरा मान टाकतो. म्हणून स्टुलावर बादली ठेवून त्यात छोटा यूएसबी पंप सोडलाय. रोज सकाळी दोन मिनिटं चालू, मग बंद, एवढंच हवंय. ऑटोसस्पेंड (वापर नसलेलं यूएसबी उपकरण झोपवणारं सेटिंग) लावून पाहिलं, ड्रायव्हर अनबाइंड केला (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर त्याच्यापासून तोडलं), पंप आपला चालूच! काय चुकतंय?

सह्यकडा: डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन पोर्ट डिसेबल करा. माझा वेबकॅम मी असाच बंद ठेवतो.

जुना_रेडिओ: @सह्यकडा, त्याने वेबकॅमशी चाललेलं बोलणं थांबतं, वीज नाही. पंपाला फक्त विजेची लाल-काळी वायर असते, डेटाची नाही, म्हणून कॉम्प्युटरला तो दिसतही नाही. ऑटोसस्पेंडचंही तेच, पाच व्होल्ट येतच राहतात. लिनक्सवर यूएसबी पोर्टची वीज तोडणारं 'यूहबसीटीएल' नावाचं टूल आहे, पण हबमध्ये (पोर्ट ज्याला जोडलेले असतात त्या भागात) वीज तोडायची सोय लागते. बरेच हब 'बंद केलं' म्हणतात आणि मीटर लावला तर पाच व्होल्ट तसेच. मशीन कोणतं ते सांगाल का?

कुंडीतला_मोगरा: रास्पबेरी पाय ४, तो तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, अजून काय असणार.

जुना_रेडिओ: पाय ४ वर यूहबसीटीएल चालतं, पण चारही पोर्ट एकदमच बंद होतात. दुसरं काही जोडलंय का?

कुंडीतला_मोगरा: हार्ड डिस्क आहे. घरातले सगळे फोटो तिच्यावर.

जुना_रेडिओ: मग अजिबात नको! डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइलसिस्टिम (फाइल्सची मांडणी) खराब होईल. पंपाला मोबाइलचा वेगळा चार्जर द्या. यूएसबी एक्स्टेन्शन केबलची फक्त लाल वायर कापून रिलेच्या (पायच्या सिग्नलवर चालणाऱ्या स्विचच्या) कॉम म्हणजे सामाईक आणि एनओ म्हणजे एरवी उघड्या टोकांमध्ये घाला. एनओच, म्हणजे रिलेची वीज गेली तरी पंप बंद राहील. स्वस्त केबलमध्ये रंगांवर भरवसा नको, मीटरने तपासा. रिले ३.३ व्होल्टच्या सिग्नलवर चालणारा घ्या. पाच व्होल्टचे काही मॉड्यूल पायच्या पिनवरून नीट सुटतच नाहीत.

सह्यकडा: एवढा खटाटोप कशाला? वायफायचा प्लग घ्या, टायमर लावा.

जुना_रेडिओ: आणि वीज जाऊन आल्यावर काही प्लग आपोआप चालू होतात, त्याचं काय? बादली रिकामी, पंप कोरडा फिरून जळणार.

अंगणवेल: आमच्या आई जुन्या सुती साडीची वात करून एक टोक बादलीत आणि एक कुंडीत पुरायच्या. मोगरा कधी सुकला नाही. पण दादा, बादली स्टुलावर आणि कुंड्या खाली? मग पंप थांबला तरी नळीतून पाणी ओढलं जात राहील, बादली रिकामी होईपर्यंत. बादली खाली घ्या, नळीचं टोक पाण्याच्या पातळीच्या वर बांधा.

कुंडीतला_मोगरा: अंगणवेलताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता करून पाहिलं, प्लग उपटल्यावरही धार चालूच होती! बादली जमिनीवर ठेवली, नळी कुंडीच्या काठाला बांधली. रिले आज मिळाला. 'टक्' वाजतो आणि धार तुटते. मापलं तर दोन मिनिटांत अडीच लिटर, दहा दिवसांचे पंचवीस, आणि बादली वीसची. म्हणून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम करणाऱ्या लिनक्सच्या टायमरमध्ये) एकच मिनिट ठेवलंय. तुळशीला साडीची वातही लावतो. सगळ्यांचे मनापासून आभार.