मदत हवी आहे: विद्यार्थ्यांची ऑडिओ रेकॉर्डिंग्ज कशी गोळा करता?

नमस्कार मंडळी, नागपुरातून लिहितेय. एमए मराठीच्या ऑनलाइन बॅचला लोकसाहित्य शिकवते, ६२ पोरं आहेत. यंदा निबंध न देता सांगितलं की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पोळा-मारबतीबद्दल (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते) बोलतं करा अन् पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवा. मला वाटलं पोट्टे कंटाळा करतील, पण काय एकेक आलंय बाप्पा! एकीची आजी 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणता म्हणता मधातच थांबून नातीला म्हणते, कूलर बंद कर वं, आवाज होते. नातीनं ते कापलं नाही, बरं केलं.

आता घोळ असा की सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, कुणाचं ओपस, कुणाचं एमफोरए, एकानं तर वेव फाइल पाठवली, पन्नास एमबीची, फोनमधली जागाच संपली. कोणतं कुणाचं ते आवाजावरून ओळखून राहिले मी. मूडलमधलं (ज्यावर आमचा ऑनलाइन वर्ग चालतो ते सॉफ्टवेअर) माइकचं बटण वापरून पाहिलं तर ते दोन मिनिटांत बंद. शिवाय ६२ गुणिले ५ म्हणजे नुसतं ऐकायलाच पाच तासांच्या वर, मार्क द्यायचे वेगळेच.

पण खरी पंचाईत निराळीच. एका आजीनं मारबत सोडून सुनेचं गाऱ्हाणं काढलं, नावानिशी. नातू म्हणतो मॅडम ग्रुपवर टाकू का. अरे, ती सून म्हणजे तुझी आईच ना! काहीच सुचून नाही राहिलं, कोणी केलंय का असं?

प्रतिसाद १: दोन मिनिटांची मर्यादा डिफॉल्ट असते ताई, १२० सेकंद, अ‍ॅडमिनला सांगून वाढवून घ्या. नाहीतर सरळ असाइनमेंटमध्ये फाइल सबमिशन ठेवा, सगळं एकदम झिप करून उतरवलं की फाइलला पोराचं नाव आपोआप लागतं. वेववाल्याला म्हणा ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोनो एमपीथ्री कर, ६४ केबीपीएसला पाच मिनिटं अडीच एमबीत बसतात.

प्रतिसाद २: आजीला ऐकवलं का ते? आधी तिला पूर्ण ऐकवा अन् विचारा ठेवायचं का, कुणाकुणाला ऐकवायचं. आमच्याकडे होकार सुरुवातीलाच त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करतो. तपासायचं म्हणाल तर मूडलच्या वर्कशॉपमध्ये पोरंच एकमेकांची ऐकून शेरे देतात, पण त्याआधी ही परवानगी पाहिजेच.

धागाकर्ती: दोघांनाही धन्यवाद, अ‍ॅडमिनला मेल टाकला. नातवानं काल आजीला ऐकवलं. म्हणते, राहू दे नं, आयकू दे तिले.