मदत हवी आहे: करुण रस नववी-दहावीच्या मुलांना कसा समजवायचा?

नमस्कार मंडळी, नाशिकरोडला आमच्या वाचनकट्ट्यावर नववी-दहावीची मराठी माध्यमाची मुलं येतात, रविवारी त्यांच्याशी साहित्यातल्या भावनांवर बोलायचंय. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातले 8 रस, 8 स्थायीभाव (म्हणजे प्रत्येक रसामागची मनातली मूळ भावना), शांत हा नववा नंतर आला, एवढं त्यांना कळतं आणि आवडतंही. अडतंय करुण रसाला. त्याचा स्थायीभाव शोक, मग घरात कोणी गेलं तर नुसतं दुःख होतं आणि तेच गोष्टीत वाचलं की रडू येऊनही पुन्हा वाचावंसं का वाटतं, असं एका मुलीने विचारलं, आणि प्रश्न अगदी खरा आहे. ॲरिस्टॉटलचं कॅथार्सिस (म्हणजे शोकांतिका बघून भावनांचा निचरा होतो, मन हलकं होतं) सांगून बघितलं, मुलं म्हणतात मन मोकळं नाही होत, उलट दिवसभर जड राहतं. भट्टनायक-अभिनवगुप्त या जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकारांचं साधारणीकरण (म्हणजे ते दुःख माझं-तुझं न राहता सगळ्यांचं होतं) मला जास्त पटतं, पण सांगायला लागले की भाषाच अवघड होते. सावानातून (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) समीक्षेची पुस्तकं आणली, ती एम.ए.वाल्यांसाठी आहेत. व्याख्या नकोत, प्रोजेक्टर नाही, वेळ तासभर. 10 मिनिटांत मोठ्याने वाचून होईल आणि जिच्यावरून हे मुलं स्वतःच्या शब्दांत सांगू शकतील अशी एखादी मराठी कथा किंवा कविता सुचवाल का, आणि वाचल्यावर पहिला प्रश्न काय विचारू?